उचललेली रेघ

वसंता, उद्या तुझा दहावा. नदीवर जायचं आहे, न्हाव्याला सांगून झालं, पिंडासाठी तुझ्या बायकोने, आमच्या वहिनीने, तांदूळ वेगळे काढून ठेवले. कावळा शिवेल की नाही याची तिला काळजी लागली आहे. मला ती नाही. भाताला नाही म्हणणारा माणूस तू कधीच नव्हतास. माझी धास्ती वेगळी आहे. गेले नऊ दिवस मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडतो आहे आणि तू उत्तर देत नाहीस. जिवंतपणी असं एकदाही झालं नव्हतं, म्हणून वही घेऊन बसलो.

तू कुठे जन्मलास, लढाईत कोणत्या मुलखात होतास, हे गोदामाचे साहेब उद्या उभे राहून सांगतीलच. त्यांना बोलायची हौस आहे. मी लिहितो ते तुझ्यामाझ्यातलं आहे, आणि त्यातलं निम्मं तर तू गेल्यावर घडलं.

पहिलं वर्ष तू पाहिलं नाहीस, नुसतं माझ्या तोंडून ऐकलंस. सिंदेवाहीच्या अलीकडे बोडीच्या पाण्याकाठी, पाळीला लागून आपलं हे गोदाम उभं राहिलं. आसपासच्या गावांनी निवडक धान इथे आणून टाकायचं, आपण ते पेरणीपर्यंत सांभाळायचं आणि बियाणं म्हणून परत द्यायचं. मी कोठीवाला. किल्ल्या माझ्या कमरेला, रास माझ्या भरवशावर. कोणीतरी ओलसर धान कोरड्यात मिसळून आणलं, वरून काही कळलं नाही, आणि रास आतल्या आत तापली. बियाणं वाटून झालं, लोकांनी रोपांसाठी परे टाकले आणि माझ्याच गावातल्या अर्ध्या पऱ्यांत कोंब वर आला नाही. रोवणीच्या दिवसांत माणसं दुसऱ्या गावी रोपं मागत फिरली. माझा सख्खा भाऊ दारात उभा राहून म्हणाला, "किसना, मातीत घालाले हेच देलं का तू आमाले?" त्या वर्षी मी गावातल्या एकाही लग्नाला गेलो नाही.

म्हणून साहेबांनी तुला आणलं. लढाईत रेडिओवर होता, आता ब्रह्मपुरीला रेडिओ दुरुस्त करतो, एवढंच सांगितलं होतं. तू आलास, गोदामात एक चक्कर मारलीस आणि मला विचारलंस, "रास गरम झाली हे तुमाले कसं समजते?" मी सळई दाखवली. राशीत सळई खुपसायची, विडी ओढून होईपर्यंत ठेवायची, काढून गालाला लावायची. माझ्या बापानेही तेच केलं, त्याच्या बापानेही. तू सळई हातात धरून मोजलीस आणि म्हणालास, "ही तर दोन हात जाते. रास दीड पुरुष हाये. पोटात काय चाललं ते गालाले कसं समजंल?" मला राग आला होता. मी त्या दिवशी तुला चहाही विचारला नाही.

मग तुझा तो पसारा आला. नागपूरहून छोट्या रेल्वेगाडीने बॅटऱ्या, लढाईतून उरलेल्या सामानातले काचेचे व्हॉल्व्ह, तारांची भेंडोळी. गोदामाला लागून असलेल्या दोन खोल्या तुला राहायला दिल्या होत्या. पुढच्या खोलीत तू यंत्र मांडलंस, मागच्या खोलीत वहिनीने चूल. राशीत धान ओततानाच तू एक तार तिच्या पोटात पुरलीस आणि तिची जोडीदार बाहेर कडुनिंबाच्या सावलीत टांगलीस. आतल्या आणि बाहेरच्या उष्णतेत जेवढा फरक, तेवढा बारीकसा दाब यंत्रात येणार. यंत्र त्याला मोठा करणार आणि शाईचं पेन फिरत्या कागदावर वरखाली होत रेघ ओढणार. त्या मोठा करणाऱ्याचं नाव तू छाती फुगवून सांगायचास, ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर. लढाईत तोफांचा नेम धरायला हेच वापरत म्हणे. "आणि इथी धान राखाले," असं म्हणून तू हसायचास. मला त्या नावातलं एक अक्षर पटलं नाही, पण तुझं हसणं पटलं. मग मी चहा विचारू लागलो.

आपलं पहिलं खरं भांडण झालं ते त्या रेघेवरून. थंडीचे दिवस होते. रात्री रास बाहेरच्यापेक्षा गरम, तेव्हा पेन वर. दुपारी ऊन चढलं की बाहेर गरम आणि रास थंड, तेव्हा पेनाने शून्याच्या खाली जायला हवं. पण शून्य होतं कागदाच्या खालच्या काठावर, त्याखाली जागाच नाही. दुपारभर पेन काठाला टेकून मुकाट बसायचं. तू दोन दिवस डोकं धरून बसलास, तिसऱ्या दिवशी एक तिसरी तार आणलीस. एक छोटी बॅटरी, एक फिरकी आणि ती तार. अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी जिथे राशीची तार येते तिथेच तू हीही जोडलीस. तिथे जे जे येतं त्याची तो बेरीज करतो, असं तू सांगितलंस. तू फिरकी फिरवलीस आणि पेन आपोआप चौथ्या रेघेवर जाऊन उभं राहिलं.

"झालं," तू म्हणालास. "आता चौथी रेघ म्हंजे शून्य. तिच्या खाली गेलं तर रास थंड, वर गेलं तर गरम. डीसी लेव्हल उचलली, बस."

"म्हणजे राशीत काहीच नाही आणि कागद म्हणतो चार?"

"हो."

"मग हे खोटं झालं."

"खोटं काऊन? सगळ्यालेच सारखं उचललं ना? रात्रीचंही चार, दुपारचंही चार. वरखाली जेवढं व्हायचं तेवढंच होऊन राह्यलं. फक्त उभं राहायची जागा बदलली."

मला ते पटलं नाही, वसंता. आजही पुरतं पटलं आहे असं नाही. मी म्हणालो, जे आहे ते दाखवावं, हे वर उचलायचं आणि मग मनात वजा करायचं कशाला? तू म्हणालास, कागदाला खाली जागा नाही त्याला मी काय करू? आपण दोघं तासभर बोलत राहिलो, वहिनी दोनदा जेवायला बोलावून गेली. शेवटी मी म्हणालो, बरं, उचल, पण किती उचललं ते वहीत लिहून ठेव. तू लगेच म्हणालास, वहीला वाळवी लागते. तेही खरं होतं. तू आल्यापासूनच्या सगळ्या वह्या वाळवीने पुठ्ठ्यासकट खाल्ल्या होत्या. तेव्हापासून तू यंत्राशेजारच्या भिंतीवर कोळशाने लिहायचास. जमिनीवर मांडी घालून काम करायचास, म्हणून तुझे आकडे भिंतीवर कमरेच्या खालीच असायचे. मी रोज त्या खोलीत यायचो, ते आकडे रोज दिसायचे, आणि मी एकदाही वाचले नाहीत.

तुला राग आला म्हणजे तू करून दाखवायचास, मी बडबडायचो. त्या दिवशी तू उठलास आणि मला हाताला धरून यंत्रासमोर बसवलंस. राशीकडून येणारी तार पितळी टोकावरून सोडवलीस आणि बाजूच्या काळ्या टोकाला लावलीस. "आता राशीकडून काईच येऊन नाई राह्यलं," तू म्हणालास. "तरी पेन कुठी हाये? चौथीवर. हे माझं. माझं किती ते असं समजते." मी नीट पाहत नव्हतो. माझं लक्ष तुझ्या दुसऱ्या हाताकडे होतं. तो तू विजारीच्या खिशात घातला होतास. मी विचारलं काऊन, तर म्हणालास, "बाजूच्या लाल टोकावर अडीचशे व्होल्ट हाये. दोन्ही हात लागले तर छातीतून जाईल. एक हात नेहमी खिशात ठेवायचा, कोठीवाले." आणि मी म्हणालो, "मी धोतर नेसतो." तू एवढा हसलास की वहिनी आतून बाहेर आली.

तीन वर्षं बियाणं चांगलं निघालं. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावांतूनही लोक मागायला येऊ लागले. मी पुन्हा गावातल्या लग्नांना जाऊ लागलो, आणि भाऊ पंगतीत माझ्या शेजारी बसू लागला. हे तुझ्यामुळे झालं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू गेल्यावर सांगतो आहे, हे मला फार बोचतं.

आता यंदाचं. पौषातला तो सोमवार. तू यंत्राशी बसला होतास, मी किल्ल्या घेऊन आत आलो. तू म्हणालास, "दुपारी पेन पार दुसरीवर उतरते. ऊन वाढलं तर काठाले टेकंल. अजून थोडं उचलतो." मी बरं म्हणालो आणि पोती मोजायला निघून गेलो. तू उचललंस की नाही हे मी पाहिलं नाही. दुपारी तुला थंडी वाजून आली.

तुझं एक म्हणणं होतं, वसंता, आणि तू ते सगळ्यांना सांगायचास. "माझं अंग मुळातच गरम असते, ब्रह्मदेशात हिवताप झाला तेव्हापासून. डॉक्टर लोक उगाच घाबरतात." आम्ही ते ऐकून ऐकून खरं मानलं होतं. मंगळवारी मी तुझ्या कपाळाला हात लावला. हात भाजला. मी म्हणालो, "तुझं तर असंच असते," आणि तू मान हलवलीस. वहिनी दारात उभी होती, तीही काही बोलली नाही. तू मागच्या खोलीत जायला तयार नव्हतास, म्हणून यंत्राच्याच खोलीत खाट टाकली होती. बुधवारी मी पुन्हा हात लावला आणि पुन्हा स्वतःला तेच सांगितलं. तुझ्या आजारात यंत्राचा कागद संपला, नवा कोणी घातला नाही. बुधवारी संध्याकाळी तू मला जवळ बोलावून म्हणालास, "लेव्हल... भिंतीवर पाह्य." पाहीन म्हणालो. आधी तू बरा हो, असंही म्हणालो. गुरुवारी बंडी जुंपली. चांद्याच्या दवाखान्यापर्यंत नेऊ असं ठरवलं होतं, पण स्टेशनाच्या फाटकाशीच तू गेलास.

तुला परत आणलं, शुक्रवारी नेलं. घाटावरून आल्यावर भागाबाई घर सारवायला आली होती. गोदामात झाडलोट करणारी आपली भागाबाई, तुझ्यावर तिचा जीव होता, रडत रडत शेण कालवत होती. ज्या जागेवरून माणूस नेला ती जागा सारवायची असते. पण मला ते पुरेसं वाटलं नाही. मी म्हणालो, "बाई, नुसती भुई नको. भिंतीलेही हात फिरव. खोली चांगली कर." तिने कमरेएवढी भिंत सगळीकडून सारवून काढली. खोली इतकी स्वच्छ दिसू लागली की मला जरा बरं वाटलं. मग मधोमध दिवा ठेवला. दोन दिवस मी त्या खोलीत येऊन बसत होतो आणि मला काही आठवलं नाही.

रविवारी साहेब म्हणाले, कागद घाला, रास पाहा. मी गुंडाळी चढवली, चावी दिली, पेनात शाई भरली. एवढं मला येत होतं. दुपारी पाहतो तर पेन चौथ्या रेघेवर. आधीच्या सोमवारी तुझ्यासमोर तेच पेन दुपारी दुसरीपर्यंत उतरत होतं. मी भिंतीकडे वळलो. भिंतीवर शेणाचा हात फिरलेला होता, बोटांच्या कमानी दिसत होत्या, आणि कोळशाचा मागमूस नव्हता.

मी भागाबाईला बोलावलं. ती म्हणाली, "किसनभाऊ, काई काळं काळं होतं खरं. तुमीच म्हटलं ना भिंतीले हात फिरव?" मी तिच्यावर ओरडलो, वसंता. काही दोष नसताना ओरडलो. ती पदराने तोंड पुसून उभी राहिली. मग मी नखाने भिंत खरवडली, तर काळी माती आणि शेण एकत्र निघालं, आकडा नाही निघाला.

तू जाता जाता लेव्हल उचलली असशील तर चौथी रेघ म्हणजे पूर्वीचीच दुसरी, रास थंड, सगळं ठीक. उचलली नसशील तर भर दुपारच्या उन्हाइतकं राशीचं पोट तापलं होतं, आणि ते थांबणार नव्हतं. सळई घालून पाहिली. वरचे दोन हात थंडगार. पोटात काय ते गालाला कळत नाही, हे तूच मला शिकवलं होतंस.

साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "त्याने उचललंच असेल. तो सारखं उचलायचा. त्यातच त्याचा जीव होता." मी म्हणालो, रास फोडून पसरू या. त्यांनी बाहेर बोट दाखवलं. आभाळ भरून आलं होतं, अवकाळीचं. "उगाच रास फोडली आणि अंगणात पसरलेलं धान भिजलं तर? चांगल्या बियाण्याची आपणच माती केली असं होईल. कोठीवाले, तुमचं मन ठिकाणावर नाही. दोन दिवस थांबा." त्यांचंही चुकत नव्हतं. फोडली आणि पाऊस आला तर बियाणं गेलं, नाही फोडली आणि आत ताप असला तरी गेलं. मी परत येऊन पेनासमोर बसलो. दर थोड्या वेळाने उठून आभाळ पाहायचो, पुन्हा येऊन पेन पाहायचो. भाऊ दारात उभा आहे असं मला सारखं वाटत होतं. आणि मी स्वतःची समजूत घालत होतो की वसंताने उचललंच असेल, तो म्हणाला होता ना, उचलतो म्हणून. सोमवारी दुपारपर्यंत मी हेच जपत बसलो.

मग मला एकदम ऐकू आल्यासारखं झालं, माझाच आवाज. तुझं तर असंच असते. मंगळवारी तुझ्या कपाळावर हात ठेवून मी हेच केलं होतं. हाताला कळलं त्यातून मी तुझं बोलणं वजा केलं आणि उरलं काही नाही असं समजून कामाला गेलो. आता राशीलाही तेच करत होतो. मला बसवेना. मी उठलो.

काळं टोक आणि लाल टोक एकमेकांपासून चार बोटांवर आहेत, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिलं. खूप वेळ कोणतं कोणतं हेच आठवेना. चुकलो असतो तर मी तरी गेलो असतो किंवा यंत्र तरी, आणि यंत्र दुरुस्त करणारा कोणी उरला नव्हता. खिसा नव्हताच. डावा हात मी मागे धोतराच्या काष्ट्यात घट्ट खोवला. उजव्या हाताने राशीची तार सोडवली. एका हाताने ती दोनदा सुटली. तिसऱ्यांदा काळ्या टोकाला लागली. आता राशीकडून काहीच येत नव्हतं, जे दिसेल ते फक्त तुझं.

पेन हललं नाही. चौथ्या रेघेवर होतं, चौथ्याच रेघेवर राहिलं.

म्हणजे तू काही उचललं नव्हतंस, आणि रास खरोखरच तापली होती. उचलतो म्हणालास, आणि त्याआधीच तुला थंडी वाजून आली. भिंतीवर तोच जुना चार होता, आणि तू मला तो पाहायला सांगितला होतास. तेवढा एक आकडा शाबूत असता तर रविवारीच कळलं असतं.

मी साहेबांना विचारलं नाही. किल्ली माझी होती. गोदाम उघडलं, भागाबाईला हाक मारली, बोडीवर जाळं टाकणारे चौघे आले, गावातून टोपल्या आल्या. रास वरून उतरवत गेलो तसा आंबूस वास येऊ लागला. मधोमध हात घातला तर तापलेल्या माणसाच्या काखेत घातल्यासारखा. साहेब धावत आले, त्यांनीही हात घातला. टोपली उचलून माणसांच्या रांगेत उभे राहिले. हे तुला सांगायलाच हवं, कारण तू त्यांना फार नावं ठेवायचास.

पण पसरायचं कुठे? थेंब पडू लागले होते. भागाबाई म्हणाली, "घराघरात टाका. भुया सारवलेल्याच हायेत." मग दोन टोपल्या हिच्याकडे, चार तिच्याकडे, असं धान गावभर वाटत गेलो. पडवीत, देवघरासमोर, गोठ्याच्या कोरड्या बाजूला. खाटा उभ्या करून लोकांनी जागा केल्या. माझा भाऊही दोन पोती घेऊन गेला. तरी पोटातलं, सगळ्यात तापलेलं धान उरलं. त्याला पातळ पसरायला मोठी जागा हवी होती. तुझ्या खोल्या समोरच होत्या, पण तिथे सुतक. सुतकाच्या घरात बियाणं कोण ठेवील? टोपल्या घेऊन माणसं अंगणात उभी राहिली, कोणी त्या दाराकडे पाहीना. मीही पाहिलं नाही.

वहिनी बाहेर आली. चार दिवसांत ती कोणासमोर आली नव्हती. पाऊस अंगावर घेत उभी राहिली आणि म्हणाली, "इथी टाका ना भाऊ. एवढी जागा हाये." भागाबाईने जीभ चावली. कोणीतरी म्हणालं, बाई, अजून दहावा नाही झाला. वहिनी म्हणाली, "हे धान त्याहिनंच राखलं. त्याहिच्या घरात बाटते का?" ती आत गेली, दिवा उचलून कोनाड्यात ठेवला, आणि तुझी खाट होती तिथपासून आम्ही धान पसरलं.

चार दिवस झाले. पाऊस दुसऱ्याच दिवशी उघडला. आज सकाळी भागाबाईने प्रत्येक घरातलं मूठभर धान ओल्या फडक्यात बांधलेलं सोडून पाहिलं. बहुतेक सगळ्याला मोड आहेत. तुझ्या खोलीतल्यात मात्र बरेच दाणे तसेच पडले आहेत, निम्म्याच्या वर फुटलेत. रास रविवारीच फोडली असती तर सगळं फुटलं असतं. न फुटलेलं ते माझ्यामुळे गेलं, हे लिहून ठेवतो. वाळवी खाईल तेव्हा खाईल.

दुपारी तुझ्याकडे गेलो होतो. वहिनी धान पायाने फिरवत होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत, पाय न उचलता. मी दारातच बसलो. ती फिरवता फिरवता माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊ, मंगळवारी तुमी त्याहिच्या कपाळाले हात लावला होता ना?"

नऊ दिवस मी याच प्रश्नाला भीत होतो. राशीची भीती एक होती, पण ही तिच्याखाली होती. मी सांगणार होतो की तुझं अंग असंच असायचं, सगळ्यांनाच माहीत होतं, चांद्याला नेलं असतं तरी काय झालं असतं. तोंडात आलंही होतं.

"हो वहिनी," मी म्हणालो. "लई गरम होतं. मले समजलं होतं."

तिचे पाय थांबले नाहीत. ती कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, आणि परत माझ्याकडे येता येता म्हणाली, "मले बी समजलं होतं, भाऊ."

मग मी वहाणा काढल्या आणि दुसऱ्या बाजूने धान फिरवू लागलो.